कोऱ्या कोटांची घडी

२८ सप्टेंबर, रविवार

शेवटच्या कोटाचं शेवटचं बटण लागलं. लागलं म्हणजे माझ्या हाताखालच्या मैनाने लावलं, मी नुसती तिच्या डोक्यावर उभी होते. मला एका जागी बसवतच नाही. सकाळपासून पडवीतून स्वयंपाकघरात आणि स्वयंपाकघरातून पडवीत माझ्या येरझाऱ्या चालल्यात. यज्ञेश पेपर तपासता तपासता म्हणाला, "आसावरी, एवढं चालून एव्हाना रोह्याला पोचली असतीस." शाळामास्तराशी लग्न केलं की असे विनोद पदरात पडतात.

पण उगाच नाही जीव टांगणीला लागत. आजवर पेणमध्ये लोकांचे ब्लाउज उसवून मोठे करून देणारी मी, आणि आता रोह्याच्या पोह्यांच्या कंपनीतल्या सगळ्या बायकांचे कोट माझ्याकडून. आकाशी रंग, लांब बाह्या, बंद गळा, साडीवरून घालायचे. कापड उल्हासनगरहून आणलं. मुठीत आवळून सोडलं तरी सुरकुती पडत नाही, असं गुणी. वास मात्र नाकाला झोंबतो. गठ्ठा सोडला तेव्हा डोळ्यांतून पाणीच आलं. नव्या मालाला वास असायचाच म्हणा.

दोन्ही हातांना मनगटापासून कोपरापर्यंत खाज सुटली आहे. परवाची कोलंबी बाधली. मैनालाही गळ्याशी उठलंय, तिलाही त्याच कोलंबीचा डबा दिला होता. आता काही दिवस कोलंबी बंद.

१ ऑक्टोबर, खंडेनवमी

पोचवले! टेम्पोत गठ्ठ्यांवर हात ठेवून बसले होते. वडखळच्या खड्ड्यांनी माझी हाडं खिळखिळी झाली, पण एकाही कोटाची इस्त्री मोडली नाही.

कंपनीत यंत्रांची पूजा होती. भट्टीला झेंडूच्या माळा, चाळणीला हळदकुंकू. बायकांवर सुपरवायझर म्हणून सुशील नावाचा तिशीतला मुलगा आहे, अतिशय नम्र. तो म्हणाला, "मॅडम, दोन शब्द बोला." मला दोन शब्द बोला म्हटलं की दोनशे होतात. मी म्हटलं, कोट पहिल्यांदा कोरेच घाला हं, आधी पाण्यात बुचकळू नका, कोऱ्याची शोभा एकदा गेली की गेली. आणि घडी मोडायला चांगलं अंग बघा!

मी आपली गमतीत बोलले. बायकांनी ते खरंच मनावर घेतलं. "सरे, ये गो!" असा एकच गलका झाला आणि मागून एक थोराड, हसऱ्या चेहऱ्याची बाई पुढे ढकलली गेली. ही सरू. पुलापलीकडे अष्टमीत राहते, भट्टीवर काम करते. तिने घडी मोडली की कापड टिकतं आणि नेसणारीचं भलं होतं अशी तिची ख्याती. शकू म्हणून एक आहे, काटकुळी, जिभेची तिखट. तिच्या मुलीचं लग्न म्हणे सरूने आधी नेसून दिलेल्या साडीवरच ठरलं. मग काय! शकूने आपला कोट पुढे केला, तिच्यामागे दुसरीने, तिच्यामागे तिसरीने. सरू कोट घालायची, भट्टीला नमस्कार करून यायची, काढून जिचा तिला द्यायची की दुसरा घालायची. घामाने निथळत होती पण हसू काही थांबेना. म्हणाली, "आज मी नवरी झाले गो, ताई."

मला इतकं भरून आलं! माझ्या कोटांना साडीचा मान मिळाला. डझनभर बायकांनी तरी घडी तिच्याकडून मोडून घेतली असेल. मी टाळ्या वाजवत होते.

घरी आल्यावर यज्ञेशला सांगितलं तर म्हणतो, एवढे कोरे कोट एकीच्याच अंगावर? त्याला म्हटलं, नवं कापड आधी चांगल्या अंगाच्या बाईला घालायला देतात, ती घडी मोडते, मग आपण घालतो. तुझ्या आईनेही माझ्याकडून मोडून घेतली होती. "म्हणून ती साडी पहिल्याच धुण्यात विटली," म्हणाला.

४ ऑक्टोबर, शनिवार

सुशीलचा फोन. काही बायकांच्या अंगावर पुरळ उठलंय, गळ्याला, मनगटाला, कोपराच्या खोबणीत. "मॅडम, कापडाचं काही असेल का?" अगदी अदबीने विचारलं, पण विचारलंच की नाही!

माझं डोकं फिरलं. म्हटलं, सुशील, ऑक्टोबरचं ऊन, त्यात तुमची भट्टी, घामोळं नाही येणार तर काय जाईची फुलं येणार? तो सॉरी म्हणाला. फोन ठेवल्यावर मात्र चैन पडेना. कापडाचा उरलेला तुकडा घेऊन गालावर घासला, हातावर घासला. मऊसूत आहे. त्या तुकड्यात काही खोट असणं शक्यच नाही.

हातांची आग होते आहे. कोलंबी सोडली तरी कमी नाही, म्हणजे वांगंही असणार. वांगंही बंद.

७ ऑक्टोबर, मंगळवार

रोह्याला जाऊन आले. सुटले! कापडाचा दोष नाही.

झालंय असं की सगळ्यांत जास्त पुरळ सरूला आहे. गळा लालभडक, दंडापासून मनगटापर्यंत फोड, खाजवून खाजवून काही ठिकाणी पाणी सुटलंय. तिच्या खालोखाल कुणाला? ज्यांच्या कोटांची घडी तिने मोडली त्यांना. सुशील म्हणाला, "मॅडम, ही खरूजच. तिच्या अंगावरून कोटांत गेली, कोटांतून बायकांना." इतकं सरळ गणित आहे, मला आधी कसं सुचलं नाही? ज्यांनी आपापल्या कोटाची घडी आपणच मोडली त्यांनाही थोडं थोडं उठलंय, पण ते घामोळं.

शकू कुजबुजत होती की कापडच वाईट. ते ऐकून माझ्याने राहवलं नाही. उचलली जीभ लावली टाळ्याला, ही माझी जुनी खोड. सगळ्यांसमोर म्हटलं, "अगं बायांनो, कापडाचं असतं तर सगळ्यांना सारखं नसतं का झालं? एकीचं दुसरीला लागलंय. आता एकमेकींचं काही घालू नका आणि कोट उकळत्या पाण्यात टाका."

सगळ्या सरूकडे बघायला लागल्या. सरूने पदर दोन्ही हातांवर ओढून घेतला. म्हणाली, "मला कदी खरूज नव्हती, ताई." शकूने पाण्याच्या टाकीवरचा आपला पेला उचलून पदराखाली धरला.

खाण्याचा माल, धोका कोण पत्करणार? सुशीलने तिला घरी बसायला सांगितलं. दिवाळीपर्यंत अंग साफ झालं नाही तर तिच्या जागी दुसरी बाई घेणार. वाईट वाटलं, पण त्याचंही बरोबर आहे. निघताना तो म्हणाला, तुमचं काम साहेबांना आवडलंय, आता पुरुषांचे कोटही तुम्हीच शिवा.

इतकी चांगली बातमी, आणि मी एसटीत नुसती चुळबुळत होते. शेजारची बाई वैतागून उठून दुसरीकडे बसली.

९ ऑक्टोबर, गुरुवार

कालचा दिवस कसा गेला सांगता येत नाही. दुधाचं पातेलं उतू घालवलं, मैनावर उगाच ओरडले. शेवटी आज कडुलिंबाचे साबण घेऊन अष्टमीला सरूकडे गेले. माणुसकी म्हणून.

ती मागच्या ओटीवर एकटीच बसली होती. शेजारी तिचं वेगळं ताट, वेगळा तांब्या. तिची सासू ठमाबाई आतूनच म्हणाली, "नातवंडं हायत घरात, काय करू?" मला बघून सरू उठली आणि दोन पावलं मागे सरकली. "थितंच थांबा, ताई. चा पन नाय करू शकत मी तुमाला." कोजागिरीला आळीत कुणीच तिला दूध प्यायला बोलावलं नाही. आधी तिच्याशिवाय हळदीकुंकू होत नसे, हे तिने सांगितलं नाही. ठमाबाईने सांगितलं.

साबण द्यायला मी हात पुढे केला आणि बाही वर गेली. सरूने माझं मनगट पाहिलं. तिचा चेहरा असा झाला की मी घाबरलेच.

"अगो बाय, तुमालापन? मी तर तुमाला हात नाय लावला, ताई! शपथ, नाय लावला." आणि ती रडायला लागली. हात जोडून मला म्हणत होती, माफ करा, माझ्यामुळे तुमच्या अंगावर गेलं, माझं काय असेल ते देवाने माझ्यापाशीच ठेवायचं होतं.

मी काय बोलले? "असू दे गं," म्हणाले. हेच बोलले मी. साबण ओटीवर ठेवले आणि निघाले.

गाडी नागोठण्याच्या स्टँडवर थांबली तेव्हा कुणी काकड्या विकत होता, मी त्याच्याकडे बघत होते, आणि एकदम लक्षात आलं. सरूला मी पहिल्यांदा पाहिलं खंडेनवमीला. माझे हात त्याच्या किती तरी आधीपासून खाजतायत, कापड कापायला घेतलं तेव्हापासून. मैनाचाही गळा. कोलंबी बिचारी! वांगं बिचारं! आणि ती बाई माझी माफी मागत होती.

१० ऑक्टोबर, शुक्रवार

उल्हासनगरच्या व्यापाऱ्याला फोन केला. तो हसला. "अहो मॅडम, सुरकुती न पडणारा माल आहे तो. वरून केमिकल चढवतात. एक-दोन पाणी मारून मगच घालायचं असतं, हे सगळ्यांना माहीत असतं. तुम्ही सांगितलं नाही वापरणाऱ्यांना?"

सांगितलं. बरोबर उलटं सांगितलं.

मग हात दाखवायला डॉक्टर ऋतुजाकडे गेले. ही कातडीची डॉक्टर, यज्ञेशची जुनी विद्यार्थिनी. भिंग लावून बघितलं, मैनाचा गळाही बघितला. खरूज नाही, कुणाचं कुणाला लागत नाही. कापडावरचं रसायन घामात सुटतं आणि कातडीत उतरतं. ज्याच्या अंगावर कोरं कापड जास्त, त्याला त्रास जास्त, आणि एकीच्या घामाने भिजलेला कोट दुसरीने घातला तर तिलाही जास्त. "काकू, त्या रोह्याच्या बाईंनी किती कोट घातले?" मी सांगितलं. तिने भिंग खाली ठेवलं. "एका दिवसात?" म्हणाली. "त्यांना आधी माझ्याकडे आणा."

म्हणजे ज्या बाईने सगळ्यांच्या भल्यासाठी सगळ्यांचं विष आधी आपल्या अंगावर घेतलं, तिलाच आम्ही विषारी ठरवलं. आम्ही कसलं, मी.

११ ऑक्टोबर, शनिवार

सकाळी ठरवलं, सांगून टाकायचं. दुपारी वाटलं, आता कशाला? कोट उकळून झालेच असतील. खाज आपोआप बसेल. सरूचंही बरं होईल, मग सुशील तिला घेईलच परत. कुणाला काही सांगायची गरजच काय? संध्याकाळी पुरुषांच्या कोटांची मापं आली. मापं बघत बसले. पडवीतलं मशीन पुसून काढलं. पुन्हा पुसलं.

१२ ऑक्टोबर, रविवार

यज्ञेशशी भांडण.

मी त्याला सगळं सांगितलं आणि म्हटलं, थोडं थांबू या, दिवाळी जाऊ दे. तो पेपर वाचत होता. पेपर खाली न घेताच म्हणाला, "चोर सोडून संन्याशाला फाशी."

"मी चोर?"

"मी म्हण सांगितली. नाव तू लावलंस."

रागाने मी जेवले नाही. मग भूक लागली म्हणून उभ्याउभ्याच दहीभात खाल्ला. उद्या अष्टमीला जाते. सरूला डॉक्टरकडे नेते, खर्च माझा. तिला एकदा कळलं की आपल्यात काही खोट नाही, की किती हलकी होईल बिचारी! तो तिचा चेहरा कधी बघते असं झालंय.

१३ ऑक्टोबर, सोमवार

हलकी झाली नाही.

ओटीवर बसून तिला सगळं समजावलं. कापड, रसायन, घाम, गुरुवारी गाडीत मला काय उमगलं तेही. ती ऐकत राहिली. ठमाबाई दारात येऊन उभी राहिली आणि ऐकता ऐकता तिने सुनेचं ते वेगळं ताट उचलून आत नेलं. मला वाटलं, झालं, आता सरू हसेल.

सरू म्हणाली, "म्हंजे मला कायच नव्हता?"

"काहीच नाही गं."

"आनि तुमाला गुरुवारी कळला?"

मी म्हटलं, व्हय. पहिल्यांदाच आयुष्यात व्हय म्हणाले असेन, नाही तर आमच्या घरात ते चालत नाही. मग म्हटलं, मी सुशीलला फोन करते, उद्यापासून तू कामावर. ती मान हलवत राहिली.

"फोन नको, ताई. तुमी सगळ्यांच्या समोर बोललाव. आता सगळ्यांच्या समोर बोला. नायतर मी कामावर जायन, पन शकू पेला पदराखालीच धरल. कितीजनींच्या घरी जाऊन सांगू मी?"

ऋतुजाकडे येताना गाडीत ती खिडकीशी बसली. मी दोनदा विषय काढले, पावसाचे, पोरांचे. ती बाहेर बघत होती. ऋतुजाने मलम, गोळ्या दिल्या, 'लागण होणारा रोग नाही' असं सहीशिक्क्यानिशी लिहून दिलं. सरूने तो कागद माझ्याच हातात दिला. "उद्या तुमीच दाखवा."

१४ ऑक्टोबर, मंगळवार

काय बोलायचं ते सकाळी आरशासमोर घोकत होते. चांगली सुती साडी नेसले, बाह्या वर सरकतील असा ब्लाउज घातला. खरं लिहायचं तर मनात असंही होतं की असं चारचौघींत उभं राहून आपली चूक कबूल करणाऱ्या बायका किती असतात? काही तरी मोठं करायला निघाल्यासारखं वाटत होतं.

सुशीलने आधी केबिनमध्ये कागद वाचला. "मॅडम, हे बाहेर सांगायलाच हवं का? सरूला मी घेतो परत." मी म्हटलं, हवं. तो म्हणाला, पुरुषांच्या कोटांचं साहेबांना विचारून कळवतो. त्याचा अर्थ मला कळतो.

बायकांना चाळणीपाशी बोलावलं. सरू दारात उभी होती, आत आली नव्हती. मी बोलले. घोकलेलं सगळं विसरले. म्हटलं, कापड माझं, त्यावर रसायन होतं, धुऊन घालायला हवं होतं आणि मी धुवू नका सांगितलं. घडी मोडा हेही मीच सांगितलं. सरूला खरूज नव्हती, कधीच नव्हती. तुमचे कोट आधी तिच्या अंगावर गेले म्हणून तिला सगळ्यांत जास्त झालं, आणि तुमच्यासाठी घातले म्हणून झालं. त्या दिवशी मी जे बोलले ते खोटं होतं. आणि बाह्या वर करून दाखवल्या. "हे बघा, मलाही तेच झालंय. सरूला भेटायच्या आधीपासून."

शकूने माझे हात निरखून बघितले, अगदी जवळ येऊन.

"तुमाला पयल्यापासून होता?"

"हो."

"मंग पूजेच्या दिशी आमच्यात बसून चा प्यालाव, लाडू वाटलाव, तवा पन होता?"

"हो, होता."

शकू सरूकडे वळली, पण तिला सरूकडे बघवेना. पदराचं टोक बोटाला गुंडाळत राहिली. मग सरू आत आली. नळावर हात धुतले. शकूच्या शेजारची आपली जागा होती तिथे येऊन उभी राहिली. शकू सरकली, आणि सरकताना तिने आपला पेला टाकीवर ठेवला. मला वाटलं, संपलं. मी जरा हसलेसुद्धा असेन.

सरूने माझ्या हातांकडे बघितलं. राग नव्हता तिच्या बोलण्यात. सूप झटकायला घेतलं होतं, झटकता झटकताच म्हणाली:

"तुमाला पन त्येच झाला, ताई. मंग तुमाला कसा कोनी ओटीवर नाय बसवला?"

सगळ्यांचे हात थांबले. सुशीलसुद्धा माझ्या तोंडाकडे बघत होता. मी बाह्या खाली ओढल्या, कागद पर्समध्ये ठेवला, तो पुन्हा काढून सुशीलला दिला. "येते," म्हणाले आणि बाहेर आले.

घरी आल्यावर यज्ञेशने चहा केला होता. माझ्या हातात कप देऊन विचारलं, काय म्हणाल्या? मी म्हटलं, घेतलं तिला कामावर. पुढचं त्याला सांगितलं नाही.